ग्रीन कार्ड अडकलेले असताना नोकरी बदलायची, तर कोणता कागद कोणाचा?

अमेरिकेत एच-वन-बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असलेल्या भारतीयाला नवी ऑफर आली, की मित्रमंडळी पगाराआधी विचारतात, "तुझं आय-१४० झालंय का?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. ते मंजूर होऊन किती दिवस झाले, आय-४८५ भरले आहे का, भरले असेल तर कधी, आणि एच-वन-बीची सहा वर्षे कधी संपतात, हेही कळायला हवे. या तारखा कागदावर लिहून काढल्या की निम्मा गोंधळ तिथेच संपतो. उरलेला निम्मा एका गोष्टीने सुटतो: या प्रक्रियेतला कोणता कागद कंपनीचा आहे आणि कोणता तुमचा.

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाचे नेहमीचे टप्पे तीन. पहिला पर्म, म्हणजे अमेरिकेच्या कामगार खात्याकडून मिळणारा दाखला: या जागेसाठी जाहिराती दिल्या, पण पात्र आणि तयार असा स्थानिक माणूस मिळाला नाही. दुसरा आय-१४०, म्हणजे कंपनीने यूएससीआयएसकडे (अमेरिकेची इमिग्रेशन यंत्रणा) केलेला अर्ज: आम्हाला हा माणूस कायमचा हवा आहे, त्याची पात्रता ही आणि त्याला पगार द्यायची आमची ऐपत ही. तिसरा आय-४८५, म्हणजे तुम्ही स्वतः केलेला कायम वास्तव्याचा अर्ज. पर्म कंपनीचा, आय-१४० कंपनीचा, आय-४८५ तुमचा. पर्म ज्या दिवशी दाखल झाला ती तारीख म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट, रांगेतला नंबर. गंमत अशी की आय-१४० कंपनीचे असले, तरी ते एकदा मंजूर झाले की हा नंबर तुमच्या नावावर चढतो.

रांग एवढी लांब का, तर नोकरीच्या वर्गात वर्षाला साधारण १ लाख ४० हजार व्हिसा असतात, त्यात बायको-मुलेही मोजली जातात, आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून ईबी-२ (उच्च पदवीची पात्रता लागणारा) आणि ईबी-३ (त्याखालचा) या वर्गांत भारतीयांना दहा-दहा वर्षे थांबावे लागते. इथे देश म्हणजे जन्माचा देश, पासपोर्टाचा नव्हे. आई-वडील नोकरीनिमित्त मस्कतला असताना तिथे जन्मलेला पुणेकर भारताच्या रांगेत नसतोच, आणि त्याच्याशी लग्न झालेल्या नागपूरकर मुलीलाही त्याच्या रांगेचा फायदा घेता येतो. हे अनेकांना फार उशिरा कळते.

आय-१४० मंजूर व्हायच्या आधी

इथे हिशोब सोपा आणि कडू आहे. पर्म अजून कामगार खात्यात असेल, किंवा मंजूर होऊन आय-१४० भरायचे असेल, तर कंपनी सोडल्यावर हाती काहीच उरत नाही. नव्या कंपनीत सगळे पहिल्यापासून: प्रचलित वेतनाचा आकडा मागवणे, दोन रविवारच्या वर्तमानपत्री जाहिराती, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे ३० दिवसांची नोंद, इतर तीन मार्गांनी भरती, मग पर्म. दीड-दोन वर्षे सहज जातात आणि रांगेतली तारीखही नवी.

धोका वाढतो तो पाचव्या-सहाव्या वर्षी. एच-वन-बी सहा वर्षांची. त्यापुढे एकेक वर्षाची मुदतवाढ हवी, तर पर्म किंवा आय-१४० दाखल होऊन किमान ३६५ दिवस व्हावे लागतात. साडेपाच वर्षे झाल्यावर, मंजूर आय-१४० नसताना कंपनी बदलली, तर नव्या कंपनीचा पर्म वेळेत दाखल होणे जवळजवळ अशक्य. अशा वेळी आय-१४० प्रीमियममध्ये, म्हणजे जादा फीच्या जलद मार्गाने, भरायला सांगावे (बहुतेक वर्गांत १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय येतो) आणि तोवर राजीनामा खिशात ठेवावा.

आय-१४० मंजूर, पण आय-४८५ भरायची पाळी नाही

बहुसंख्य भारतीय इथे आहेत. १७ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमाने इथला हिशोब बराच स्पष्ट केला. मंजुरीला १८० दिवस झाले असतील, तर त्यानंतर जुन्या कंपनीने आय-१४० मागे घेतले किंवा ती कंपनीच बंद पडली, तरी आय-१४० आपोआप रद्द होत नाही. त्या जुन्या मंजुरीवर नवी कंपनी तुमच्यासाठी तीन वर्षांची एच-वन-बी मुदतवाढ मागू शकते, सहा वर्षे उलटली असली तरी.

१८० दिवसांच्या आत कंपनीने मागे घेतले तर? तर आय-१४० रद्द होते आणि त्यावर मुदतवाढ मिळत नाही. पण प्रायॉरिटी डेट तरीही तुमचीच राहते. 'सगळं गेलं' आणि 'मुदतवाढ गेली, नंबर राहिला' यांत मोठा फरक आहे. नंबर जातो तो फसवणूक, खोटी माहिती, पर्मच रद्द होणे किंवा मंजुरीत मूळची ठळक चूक सापडणे अशा कारणांनी. पूर्वीच्या कंपनीने दहा जणांचे खोटे प्रकल्प दाखवले आणि ते उघडकीला आले, तर तुम्ही कंपनी सोडून पाच वर्षे झाली असली, तरी झळ तुम्हाला लागू शकते.

नंबर राहिला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. नव्या कंपनीला नवा पर्म आणि नवे आय-१४० करावेच लागते. जुन्या मंजुरीची प्रत जोडली की नव्या फाइलवर जुनी तारीख चढते. ती ईबी-२ वरून ईबी-३ वर किंवा उलटही जाते. यात एक फायदा दडलेला आहे. पर्ममध्ये ज्या कंपनीत काम करता तिथलाच अनुभव सहसा धरता येत नाही, पण कंपनी बदलली की जुन्या कंपनीतली वर्षे मोजता येतात. पहिल्या वेळी अनुभव कमी पडून ईबी-३ मध्ये गेलेला माणूस दुसऱ्या पर्मला बॅचलर पदवी अधिक पाच वर्षे असे दाखवून ईबी-२ मध्ये बसू शकतो, आणि तारीख जुनीच.

याच वळणावर भारतातले कागद छळतात. पुण्या-मुंबईच्या अनेक कंपन्या रिलीव्हिंग लेटरवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख एवढेच लिहितात. यूएससीआयएसला हुद्दा, पूर्णवेळ काम आणि नेमके काय काम केले हे हवे असते. एचआर देत नसेल, तर तेव्हाच्या वरिष्ठाचे किंवा सहकाऱ्याचे शपथपत्र, जोडीला पगाराच्या पावत्या, असा पर्याय असतो. शिवाय तीन वर्षांच्या बीएस्सी किंवा बीकॉमला अमेरिकेची चार वर्षांची पदवी म्हणून धरताना अडचण येते. पहिल्या कंपनीच्या वकिलाने ती कशी सोडवली होती, हे नव्या वकिलाला आधीच दाखवावे.

एक सापळा. नवी कंपनी ग्रीन कार्ड सुरूच करत नाही, तुम्ही जुन्या आय-१४० वर मुदतवाढी घेत आहात, आणि एक दिवस तुमची तारीख करंट होते, म्हणजे रांगेत तुमची पाळी येते. आय-४८५ भरायला तुमच्यामागे प्रत्यक्ष नोकरी देणारी कंपनी हवी, ती नाही. तारीख उपलब्ध होऊन वर्षभर अर्ज केला नाही, तर जुन्या मंजुरीवरची एच-वन-बीची सवलतही जाऊ शकते. म्हणून ऑफर घेताना 'ग्रीन कार्ड करतो' एवढ्यावर थांबू नये. पर्म किती महिन्यांनी सुरू करता, हे ईमेलवर लिहून घ्यावे. 'एक वर्षानंतर बघू' हे धोरण असेल, तर तुमचे एक वर्ष गेले असे समजून चालावे.

एच-वन-बी ट्रान्सफरची, म्हणजे ती नव्या कंपनीकडे नेण्याची, रीत अशी. नव्या कंपनीचा आय-१२९, म्हणजे एच-वन-बीचा अर्ज, दाखल झाला की कामाला सुरुवात करता येते, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पण तो नाकारला गेला तर काम त्याच दिवशी थांबवावे लागते, म्हणून शक्य असेल तर मंजुरी हातात आल्यावरच राजीनामा द्यावा. नव्या एच-वन-बी अर्जांवरच्या, सप्टेंबर २०२५ च्या १ लाख डॉलर शुल्काच्या आदेशाने बरीच घबराट झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूएससीआयएसने खुलासा केला, की अमेरिकेतच वैध स्टेटसमध्ये राहून मुदतवाढीसह कंपनी बदलणाऱ्यांना ते लागू नाही. स्टेटसमध्ये खंड पडून मुदतवाढ नाकारली गेली, तर मात्र तो प्रश्न उभा राहतो.

आय-४८५ भरले आहे: खरा 'पोर्ट'

इथे अर्ज तुमचा आहे, म्हणून मोकळीकही जास्त. २००० साली झालेल्या एसी-२१ कायद्याने 'पोर्ट'ची, म्हणजे जुनीच फाइल घेऊन नव्या कंपनीत जाण्याची, वाट उघडली: आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाले आणि नवी नोकरी त्याच किंवा मिळत्याजुळत्या व्यवसायातली असली, तर जुनेच पर्म आणि जुनेच आय-१४० चालते. नवी जाहिरात नाही, नवा पर्म नाही. कंपनी कोणतीही, शहर कोणतेही. स्वतःची कंपनीसुद्धा चालते, फक्त ती खरोखर चालू आहे याचे पुरावे जास्त लागतात.

१८० दिवस मोजायचे ते पावतीवरच्या, म्हणजे आय-७९७ वरच्या तारखेपासून, आणि कॅलेंडरचे दिवस, सुट्ट्या धरून. हा १८० आकडा या विषयात भुतासारखा जागोजागी भेटतो. आय-१४० च्या मंजुरीनंतरचे १८०, आय-४८५ भरल्यानंतरचे १८०, पर्म मंजूर झाल्यापासून आय-१४० भरायला दिलेले १८०, आणि वर्क परमिटचे नूतनीकरण संपण्याआधी जास्तीत जास्त १८० दिवस भरता येते ते. यातले कोणते, हे विचारल्याशिवाय कोणाचाही सल्ला ऐकू नये.

१८० व्या दिवसाच्या आधी नोकरी सुटली तर? आय-४८५ लगेच मरत नाही. ग्रीन कार्ड हे भविष्यातल्या नोकरीसाठी असते, आज तिथे काम करत असणे ही अट नाही. जुनी कंपनी आय-१४० मागे घेत नसेल आणि कार्ड मिळाल्यावर परत घ्यायला खरोखर तयार असेल, तर अर्ज उभा राहतो. पण हे सगळे तिच्या मर्जीवर. आय-१४० च्या मंजुरीलाही १८० दिवस झाले नसतील आणि तिने ते मागे घेतले, तर आय-४८५ चा आधारच जातो.

आय-१४० आणि आय-४८५ एकत्र भरलेले, आय-१४० अजून मंजूर नाही, पण १८० दिवस उलटले, असेही होते. पोर्ट करता येते. मात्र ते आय-१४० मंजूर व्हायच्या लायकीचे असावे लागते. त्यावर आरएफई (जादा पुरावे मागणारी नोटीस) आली आणि जुन्या कंपनीने उत्तरच दिले नाही, तर तुम्ही लटकता. साधे धोरण: आय-१४० मंजूर झाल्याशिवाय हलू नये.

पोर्टचा कागद म्हणजे सप्लिमेंट जे, आय-४८५ ची पुरवणी. त्याला फी नाही. तुमचा भाग तुम्ही भरता आणि नवी कंपनी हुद्दा, काम, पगार, पूर्णवेळ कायम नोकरी आणि व्यवसायाचा एसओसी कोड (सरकारी वर्गवारीतला क्रमांक) लिहून सही करते. इथेच गाडी अडते. मोठ्या कंपन्यांत सही कोण करणार यावर आठवडे जातात, लहान कंपनीला हा कागद काय आहे हेच माहीत नसते. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी विचारावे: सप्लिमेंट जे वर सही करता का, किती दिवसांत, आणि तुमचा वकील की माझा? रुजू झाल्यावर स्वतःहून पाठवावे की आरएफईची वाट पाहावी, यावर वकिलांत दोन मते आहेत. आमचा कल पाठवण्याकडे: नाहीतर जुन्या कंपनीची माघार फाइलवर पोहोचते आणि तुमची नवी नोकरी नाही. ईबी-१ए (असामान्य गुणवत्ता) किंवा नॅशनल इंटरेस्ट वेव्हर (राष्ट्रहितासाठी कंपनीची अट माफ) वाल्यांचा अर्ज स्वतःच्याच नावावर असतो, त्यांना हा कागद लागत नाही.

'मिळतीजुळती' म्हणजे किती मिळतीजुळती

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लोक हुद्द्याचे नाव जुळवतात. नावाला किंमत कमी. अधिकारी पाहतो ती कामे, लागणारे शिक्षण आणि कौशल्य, एसओसी कोड आणि पगार, सगळे एकत्र.

एसओसी कोड सहा आकड्यांचा. १५ ने सुरू होणारे संगणक आणि गणिताचे व्यवसाय. १५-१२५२ सॉफ्टवेअर डेव्हलपर, १५-१२५३ टेस्टिंगवाले, १५-१२५४ वेब डेव्हलपर. पहिले पाच आकडे सारखे म्हणजे एकाच कुटुंबातले, तिथे युक्तिवाद सोपा जातो. आकडे जुळले म्हणजे मंजुरी आणि न जुळले म्हणजे नकार, असे मात्र नाही.

जुन्या फाइलवाल्यांनी एक लक्षात ठेवावे. २०१३-१४ च्या पर्मवर १५-११३२ किंवा १५-११३३ असा कोड असतो. ही जुनी वर्गवारी. २०१८ च्या वर्गवारीत हे दोन्ही कोड १५-१२५२ मध्ये विलीन झाले. नवी कंपनी १५-१२५२ लिहिते, तुम्ही दोन कागद शेजारी ठेवता आणि छातीत धस्स होते. काम तेच आहे, फक्त कोष्टक बदलले. तेवढे एका वाक्यात पत्रात लिहून टाकावे.

बढतीचे काय? डेव्हलपरचा इंजिनिअरिंग मॅनेजर झाला, कोड ११-३०२१ झाला, तरी तो मुख्यतः डेव्हलपर लोकांनाच सांभाळत असेल, तर ते स्वाभाविक बढती म्हणून बसते. प्रॉडक्ट मॅनेजरचे मात्र काठावरचे. तांत्रिक आराखडा आणि डेव्हलपरांबरोबरचे काम असेल, तर मांडता येते. दर ठरवणे, विक्री आणि मार्केटिंग असेल तर कठीण. डेव्हलपरचा डेटा सायंटिस्ट (१५-२०५१) हा गणिताच्या शाखेत जातो, म्हणून तिथे कामांची टक्केवारी मांडून साम्य दाखवावे लागते. पगार वाढला म्हणून कोणी नाकारत नाही, शहर आणि काळ बदलला की तो वाढणारच. पगार निम्म्यावर आला तर प्रश्न येतो.

कामाचे वर्णन जुन्या पर्ममधून जसेच्या तसे उतरवू नये. नव्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच जागेची वेगळी जाहिरात दिसली, तर अडचण तुमचीच. आणि कंपनी न बदलता आतल्या आत विभाग आणि काम बदलले, तरी हाच नियम लागतो, हे बरेच जण विसरतात.

ईएडीवर जायचे की एच-वन-बीवर राहायचे

आय-४८५ बरोबर ईएडी, म्हणजे वर्क परमिट, आणि अ‍ॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे परदेशी जाऊन परतायची परवानगी, मिळते, आणि नवी कंपनी म्हणते, ईएडीवरच ये, ट्रान्सफरचा खर्च कशाला. सोपे आहे, पण ईएडीवर काम सुरू केले की एच-वन-बी स्टेटस संपते. आय-४८५ नाकारले गेले, तर मागे काही उरत नाही. त्यात ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाला आपोआप मिळणारी ५४० दिवसांची मुदतवाढ बंद झाली, आणि डिसेंबर २०२५ पासून या वर्गाच्या ईएडीची मुदत पाच वर्षांवरून जास्तीत जास्त १८ महिन्यांवर आली. म्हणजे नवे कार्ड वेळेत आले नाही, तर काम थांबवावे लागते. एच-वन-बीचा खर्च आता महागडा विमा राहिलेला नाही, साधी गरज झाली आहे.

घरच्यांचा विचार वेगळा करावा. तुमचे आय-४८५ भरल्यावर लग्न झाले, बायको एच-४ वर, म्हणजे तुमच्या एच-वन-बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आली, आणि तारीख मागे सरकल्याने तिचे आय-४८५ भरता आले नाही, अशा घरात तुम्ही ईएडीवर गेलात, तर तुमच्या एच-वन-बीबरोबर तिचे एच-४ ही संपते. तिच्या हातात दुसरा आधार नसतो.

प्रवासाचेही तसेच. एच-वन-बी चालू असेल तर त्याच व्हिसावर भारतात जाऊन येता येते आणि आय-४८५ सोडून दिले असे धरले जात नाही. ईएडीवर गेलेल्याने अ‍ॅडव्हान्स पॅरोल हातात नसताना विमान पकडले, तर अर्ज सोडला असे समजतात. मुंबईच्या वकिलातीत स्टॅम्पिंगला जाणार असाल, तर नव्या कंपनीचे मंजुरीपत्र न्यावे.

नोकरी अचानक गेली, तर एच-वन-बीवर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात (आय-९४, म्हणजे राहण्याची मुदत लिहिलेली नोंद, आधी संपत असेल तर तेवढेच), आणि ते कामाच्या शेवटच्या दिवसापासून मोजले जातात, नोकरी जाताना मिळणारा सेव्हरन्स पगार कधीपर्यंत आला यावरून नाही. आय-४८५ प्रलंबित असेल तर त्या आधाराने राहता येते. मधल्या काळात ईएडीवर वेगळ्या क्षेत्रातले कामही करता येते, पण निर्णयाच्या वेळी जुळणारी कायम नोकरी कागदावर हवी.

राजीनाम्याआधी हातात काय हवे

आय-१४० चे मंजुरीपत्र, निदान त्याचा पावती क्रमांक. पर्मची पूर्ण प्रत, विशेषतः कामाचे वर्णन आणि प्रचलित वेतनाच्या रकान्यातला एसओसी कोड. सगळी आय-७९७, पगाराच्या पावत्या, डब्ल्यू-२ (पगार आणि कराचा वार्षिक दाखला), आणि जुन्या कंपनीकडून कामांसह अनुभवपत्र. शेवटच्या आठवड्यात एचआर फोन उचलत नाही, हे आधी मागावे. कंपनीने 'आय-१४० आमची मालमत्ता आहे' म्हणून प्रत नाकारली, तर यूएससीआयएसकडे माहिती मागणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो, फी लागत नाही, फक्त वेळ लागतो.

काही कंपन्या जाताना वकिलाच्या खर्चाचे बिल पुढे करतात. पर्मच्या टप्प्याचा खर्च, म्हणजे कंपनीच्या वकिलाची फी आणि जाहिराती, कर्मचाऱ्याकडून वसूल करायला कामगार खात्याचा नियम मनाई करतो, करारात काहीही लिहिलेले असो. आय-१४० आणि आय-४८५ चा खर्च त्या मनाईत येत नाही. त्यामुळे एकच रक्कम लिहिलेले बिल आले, तर आधी टप्प्यांनुसार फोड मागावी.